आपला फोटो, आपल्या हातानं

बीदर जिल्ह्यातल्या जनवाडा, भालकी, औराद या बाजूच्या घरांत बायकांचे फोटो निघत आले ते बहुतेक दुसऱ्याच्या कामासाठी. आधी स्थळासाठी, मग लग्नाच्या अल्बमसाठी, पुढं रेशनकार्डासाठी, आधारसाठी. दर वेळी समोरचा सांगणार : हनुवटी खाली, पदर नीट, हसू नका. निघालेला फोटोही जायचा पाहुण्यांकडं, नाही तर कचेरीतल्या फायलीत. स्वतःला पाहावंसं वाटलं म्हणून फोटो काढून घेतला, असं सांगणारी बाई आजीच्या पिढीत सापडणं अवघड. म्हणून आजच्या पोरी मोबाइल समोर धरून स्वतःचे फोटो काढतात तेव्हा त्यांना मिरवखोर म्हणणं मला पटत नाही. आपण कसं दिसायचं हे ठरवण्याची पाळी त्यांच्या घरात पहिल्यांदाच एका बाईवर आली आहे.

हे ठरवण्याचा अधिकार फार काळ कॅमेऱ्यामागच्या माणसाकडं होता. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ या फोटोंच्या ग्रंथाचे आठ खंड काढले. त्यात माणसं जातीजमातीचे नमुने म्हणून उभी आहेत, आणि अख्ख्या जमातीचा स्वभाव चार ओळींत लिहून टाकला आहे. त्याच सुमारास चौकटी आखलेल्या पडद्यासमोर माणसाला उघड्या अंगानं उभं करून मापं घेण्याची पद्धतही निघाली. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये बायकांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. तिथं फोटो काढणारीही बाईच. पण त्या दारापर्यंत पोचणाऱ्या बायका मोठ्या घरच्या. शेतात राबणारीचा चेहरा कुणी जपून ठेवलाच नाही.

या सगळ्या जुन्या नजरांना एका कलावंत बाईनं स्वतःच्या अंगावर घेतलं. पुष्पमाला एन. यांचा जन्म 1956 चा, बेंगळुरूचा. त्याच वर्षी आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुष्पमाला बडोद्याला शिल्पकला शिकल्या. 2000 ते 2004 या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी दक्षिणेतल्या बायकांची एक मोठी चित्रमालिका केली. तिच्यात पुष्पमाला स्वतःच रविवर्म्याची लक्ष्मी होतात, विजापुरी चित्रातली योगिनी होतात, चौकटींच्या पडद्यासमोर मापं घेतली जाणारी आदिवासी बाई होतात. पडदा रंगवलेला आहे, सोंग घेतलेलं आहे, हे त्या लपवत नाहीत.

यातल्या लक्ष्मीपाशी मी फार वेळ थांबतो. रविवर्म्याच्या छापखान्यातून, पुढं लोणावळ्याजवळच्या मळवलीहून, निघालेल्या तसबिरी गरिबांच्या देवघरांतही पोचल्या. देवी अशी दिसते, तेव्हा देखणी बाईही अशीच दिसणार, हे आपल्या डोळ्यांना तिथंच शिकवलं गेलं. त्याच कमळात एक ओळखीची, हाडामांसाची बाई उभी राहिली की कळतं, लक्ष्मीचं ते रूपही कुणा माणसाला सुचलेलं होतं. पूज्य म्हणून मांडलेली बाई आणि मापं घ्यायला उभी केलेली बाई, दोघींचा चेहरा एकच निघतो. दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

या फोटोंमध्ये बटण आर्नींच्या हाती होतं, पण कोण व्हायचं, कसं उभं राहायचं, या विचारात पुष्पमाला स्वतः होत्या. मोबाइलच्या फिल्टरमध्ये नेमकं उलटं होतं. बटण पोरीच्या हातात, आणि ठरवणारा दुसराच. कातडी उजळते, नाक सरळ होतं, डोळे मोठे होतात. तिनं यातलं काही मागितलेलं नसतं. ही खोड फोनच्या आधीची आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो छापलेलं ‘शर्ली कार्ड’ वापरत. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उतरत नसत. तिच्यात सुधारणा झाली त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा वाटा होता, असं सांगतात. आपल्याकडं 1975 पासून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव तेवढं बदललं.

आणि उजळ कातडीचं हे वेड कुठं, तर बीदरलाही! इथले बिदरीचे कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदी जडवतात, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून ते काळं करतात. चांदी तशीच राहते, धातू काळाभोर होतो. त्या काळ्याला परदेशातून मागणी येते. त्याच गावात मुलीचा सावळा रंग मात्र स्थळ सांगताना हळू आवाजात सांगतात.

स्थळासाठी फोटो उजळून पाठवला जातो. पाहुणे येतात, मुलगी समोर बसते, आणि कुणीतरी म्हणतं, फोटोत वेगळी दिसत होती. खोटा फोटो होता, पण मान खाली जाते ती खऱ्या चेहऱ्याची. फोटो उजळणारा भाऊ असतो, सांगणारी कधी कधी आईच असते, आणि त्यांनाही ते प्रेमापोटीच करावंसं वाटतं, पोरीचं लवकर जमावं म्हणून. त्या प्रेमावर मी संशय घेणार नाही. पण त्या मुलीच्या फोनमध्ये तिनं स्वतः काढलेला एखादा फोटो असतो, उन्हात डोळे बारीक केलेला, रंग जसा आहे तसा, आणि तो तिला आवडलेला असतो. कोणता पाठवायचा, हे तिला विचारणारी घरं अजून फार थोडी आहेत.