सुपारी, अडकित्ता आणि माणसाचा जन्म

आषाढीला पंढरपुरात इतकी गर्दी उसळते की वीसेक दिवस पायी चालून आलेले कितीतरी वारकरी गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. लांबून कळस दिसतो. तिथेच ते हात जोडतात आणि म्हणतात, 'जन्माचं सार्थक झालं.' मुलगी शिकून नोकरीला लागली, कर्ज फिटलं, पडीक रानात विहिरीला पाणी लागलं, की घराघरांतून हेच शब्द ऐकू येतात. 'आयुष्याचा अर्थ काय' हा प्रश्न मराठी माणूस रोजच्या बोलण्यात सहसा विचारत नाही. सार्थक मात्र शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही नेमकं कळतं.

या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. सार्थक म्हणजे अर्थासहित. संस्कृतातून आलेल्या 'अर्थ' या शब्दात वाक्याचा आशय आहे, पैसा आहे आणि हेतूही आहे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चौघांना पुरुषार्थ म्हणतात, कारण माणूस ज्यांच्यासाठी धडपडतो अशा त्या गोष्टी आहेत. सार्थकाबरोबर मराठीत येणारी क्रियापदंही पाहण्यासारखी आहेत. जन्माचं सार्थक करतात, सार्थक होतं, आयुष्य सार्थकी लागतं, देह कारणी लावतात. सार्थक सापडलं, असं कुणीच म्हणत नाही. अर्थ कुठेतरी पुरून ठेवलेला हंडा आहे आणि तो खणून काढायचा आहे, ही कल्पना या बोलण्यात बसत नाही.

तत्त्वज्ञानात मात्र ती फार काळ टिकली. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक वस्तूच्या ठायी तिचं अंतिम प्रयोजन असतं. ओकच्या बीची ओढ ओकचा वृक्ष होण्याकडे असते, तशी माणसाचीही एक ठरलेली परिपूर्णता असते. हा विचार दोन हजार वर्षं युरोपच्या मनावर राज्य करत होता. 1859 मध्ये डार्विनचा 'जीवजातींचा उगम' हा ग्रंथ आला आणि या विचाराचा पाया हलला. डोळा पाहण्यासाठी उत्तम आहे, पण पाहण्यासाठी म्हणून तो कुणी आधी आखलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेले लहान लहान बदल आणि त्यांतून टिकत गेलेले उपयोगी भेद, एवढ्यावर तो घडू शकतो. 1380 कोटी वर्षांच्या विश्वात आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1977 मध्ये लिहिलं की, विश्व जसजसं उमगत जातं तसतसं ते हेतुशून्य भासू लागतं. हे वाक्य अनेकांना बोचलं, आजही बोचतं.

ऑक्टोबर 1945 मध्ये, महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पॅरिसमध्ये, तत्त्वज्ञ ज्याँ पॉल सार्त्रने भरगच्च सभागृहात हाच मुद्दा साध्या उदाहरणाने मांडला. त्याचं उदाहरण होतं कागद कापायच्या सुरीचं. मराठी वाचकाने तिच्या जागी अडकित्ता घ्यावा. अडकित्ता घडवणाऱ्याच्या मनात सुपारी आधी असते. काय कातरायचं हे ठरल्यावर मग पातं, दांडा, खिळा. माणसाचं तसं नाही, असं सार्त्रचं म्हणणं. माणूस आधी जन्माला येतो आणि तो कशासाठी, हे मागाहून स्वतःच्या कृतींनी ठरवत जातो.

हे ऐकून पुष्कळांना पोरकं वाटतं. वर कुणीतरी योजना आखली आहे आणि तिच्यात आपली एक जागा आहे, या भावनेने माणसांना मोठमोठी दुःखं पेलायचं बळ दिलं आहे. मुलाच्या मरणानंतर आईला तगवणारी ती श्रद्धा हिशेबातून काढून टाकणं हा उद्धटपणा होईल. पण जन्मासोबत उद्देश नेमून मिळणं ही नेहमी दिलाशाचीच गोष्ट असते का, हा प्रश्न ज्यांना तसा उद्देश खरोखर नेमून दिला गेला त्यांनाच विचारायला हवा.

मनुस्मृतीने शूद्राला एकच काम नेमून दिलं: वरच्या तीन वर्णांची सेवा. स्त्रीचा जन्म कशासाठी, हेही ती जन्मण्याआधीच ठरलेलं होतं. त्या व्यवस्थेत कुणालाही अर्थशून्यतेचा प्रश्न पडायचं कारण नव्हतं, कारण प्रत्येक माणूस हा एक अडकित्ता होता आणि त्याची सुपारी ठरलेली होती. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं, ते ही ठरलेली सुपारी नाकारल्याबद्दल. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. वेद आमचे नाहीत, ते वाचायची आम्हाला मुभा नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारलं. नेमून दिलेल्या अर्थाविरुद्धचा इतका धारदार प्रश्न मराठीत त्याआधी क्वचितच कुणी लिहिला असेल.

तो प्रश्न पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी तडीस नेला. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी, त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन आणि 1956 मध्ये नागपुरात धम्मदीक्षा. बुद्धाकडे वळताना त्यांना जे भावलं, ते इथे महत्त्वाचं आहे. जग शाश्वत आहे का, त्याला अंत आहे का, असे प्रश्न घेऊन मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू बुद्धाकडे गेला, तेव्हा बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त सांगितला. बाण कुणी मारला, त्याचं कूळ कोणतं, धनुष्य कशाचं होतं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असं तो जखमी माणूस म्हणत बसला तर उत्तर मिळण्याआधीच मरेल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आंबेडकरांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हाच धागा पुढे नेला. जगाचा उगम समजावून सांगणं हे धम्माचं काम नव्हे, जगाची फेररचना करणं हे त्याचं काम आहे, अशी त्यांची मांडणी आहे. ज्या समाजाला हजारो वर्षं अर्थ वरून लादून मिळाला होता, त्याच्या दृष्टीने आयुष्याला आधीपासून ठरलेला अर्थ नसणं ही मुक्तीची बातमी होती.

मग अर्थ येतो कुठून? विसाव्या शतकात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा छळछावण्यांत झाली. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांना सप्टेंबर 1942 मध्ये पत्नी आणि आईवडिलांसह नाझींनी हद्दपार केलं. 1944 मध्ये ते आउशवित्झला पोचले, तेव्हा कोटात दडवलेलं त्यांच्या ग्रंथाचं हस्तलिखित हिरावलं गेलं. पुढे दुसऱ्या छावणीत तापाने फणफणत असताना त्यांनी कागदाच्या कपट्यांवर त्याची टिपणं पुन्हा उतरवायला सुरुवात केली. एप्रिल 1945 मध्ये सुटका झाली. वडील, आई, भाऊ, पत्नी यांपैकी कुणीही उरलं नव्हतं. 1946 मध्ये प्रसिद्ध झालेलं छावणीच्या अनुभवांचं पुस्तक त्यांनी नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं.

त्या पुस्तकात जीव द्यायला निघालेल्या दोन कैद्यांची हकिकत आहे. आयुष्याकडून आता काहीही अपेक्षा उरली नाही, असं दोघांचंही म्हणणं. बोलता बोलता कळलं की एकाचं लेकरू परदेशात त्याची वाट पाहत आहे आणि दुसरा शास्त्रज्ञ असून त्याची ग्रंथमाला अर्धवट राहिली आहे. त्या मुलाला दुसरा बाप मिळणार नव्हता आणि ते ग्रंथ दुसरं कुणी पुरे करू शकणार नव्हतं. फ्रांकल यांनी त्यांना विश्वाच्या हेतूबद्दल काही सांगितलं नाही. त्यांच्याकडूनच राहून गेलेलं एक ठरावीक काम त्यांच्यासमोर ठेवलं. बुद्धिबळातली सर्वोत्तम खेळी कोणती, असं विचारून उत्तर मिळत नाही, कारण समोर कोणता डाव आहे यावर ते अवलंबून असतं. आयुष्याच्या अर्थाचंही तसंच, अशी तुलना त्यांनी केली आहे.

अर्थ सापडला म्हणून माणूस जगला, असा सोपा निष्कर्ष काढायला मात्र फ्रांकल स्वतःच तयार नव्हते. जे वाचले ते पुष्कळदा योगायोगाने वाचले आणि जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवलं आहे. आकडेवारी वाचतानाही हे भान हवं. जपानच्या मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 43,000 हून अधिक प्रौढांना विचारलं गेलं होतं की, तुमच्या आयुष्यात 'इकिगाई', म्हणजे जगावंसं वाटायला लावणारं काही आहे का. सात वर्षांनंतर पाहिलं, तर 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ही नोंद खरी आहे. पण खंगलेल्या, एकाकी किंवा बेरोजगार माणसाची जगण्याची उमेद आधीच ढळलेली असते, हेही तितकंच खरं. उमेदीचा उपदेश करण्याआधी त्याच्या औषधाची आणि रोजगाराची सोय बघायला हवी.

उमेद दुसऱ्याच्या हातात आयती ठेवता येत नाही, तिला वाव मात्र करून देता येतो. अमेरिकेतले शल्यचिकित्सक आणि लेखक अतुल गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. 'बीइंग मॉर्टल' या 2014 च्या पुस्तकात गवांदे यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावातल्या एका वृद्ध शुश्रूषागृहाची गोष्ट सांगितली आहे. तिथे 1991 मध्ये बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. ऐंशी रहिवासी, बहुतेक परावलंबी, अनेकांची स्मृती गेलेली. त्याने तिथे दोन कुत्रे, चार मांजरं आणि चक्क शंभर पक्षी आणवले. पक्षी आले त्या दिवशी पिंजरे जोडूनही झाले नव्हते. ते सगळे एका खोलीत मोकळे सोडावे लागले आणि म्हातारी माणसं काचेतून बघत पोट धरून हसली. हळूहळू बोलणं सोडलेले लोक बोलू लागले, अंथरूण न सोडणारे कुत्र्याला फिरवायला निघाले. शेजारच्या दुसऱ्या शुश्रूषागृहाशी तुलना करता इथल्या औषधांचा वापर निम्म्यावर आला आणि मृत्यूही घटले, असं गवांदे नोंदवतात. सकाळी उठून एका पाखराला दाणे घालायचे आहेत, एवढाच तो अर्थ होता. तेवढा पुरला.

इथवर आल्यावर एक धोक्याचं वळण लागतं. अर्थ कामातून, कुणाच्या तरी उपयोगी पडण्यातून येत असेल, तर ज्याला काहीच करता येत नाही त्याचं काय? पाखराला दाणे घालण्याइतकंही बळ ज्याच्या हातात उरलं नाही, त्याचं जगणं निरर्थक म्हणायचं का?

या प्रश्नाचं एक उत्तर इतिहासात देऊन झालं आहे. 1920 मध्ये कार्ल बिंडिंग हे कायदेपंडित आणि आल्फ्रेड होखे हे मनोविकारतज्ज्ञ, या दोन जर्मन विद्वानांनी एक पुस्तिका लिहिली. 'जगण्यास अपात्र जीवन' संपवायला कायद्याने मुभा असावी, हा तिचा विषय. वीस वर्षांनी नाझी राजवटीने ते प्रत्यक्षात आणलं. मतिमंद, मनोरुग्ण आणि अपंग माणसांना सहा केंद्रांवर वायू सोडून मारण्यात आलं. जानेवारी 1940 ते ऑगस्ट 1941 या काळातला त्यांचा स्वतःचाच सरकारी हिशेब 70,273 बळींचा आहे. याच यंत्रणेतली माणसं आणि तंत्र पुढे ज्यूंच्या संहारासाठी वापरलं गेलं.

म्हणून मोल आणि अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायलाच हव्यात. आयुष्याला जन्मजात उद्देश नाही, असं मानायला भरपूर कारणं आहेत. आयुष्याला जन्मजात मोल नाही, असं मानायला एकही नाही. मोल कमवावं लागत नाही, सिद्ध करावं लागत नाही, उपयोग संपला म्हणून ते घटत नाही. अर्थाचं तसं नाही. तो घडवावा लागतो, रोज थोडा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी निमित्ताने.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना मुरलीधर देविदास आमटे स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर वाहत. एका पावसाळी रात्री त्यांना गटाराच्या कडेला चिंध्यांचा ढीग दिसला आणि तो हलला. तो तुळशीराम होता. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले. आमटे घाबरून पळाले. ती भीती त्यांना स्वस्थ बसू देईना, म्हणून ते परत आले, पावसापासून त्याला आडोसा केला, त्याला भरवलं, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम कुणाच्याच उपयोगी पडू शकत नव्हता आणि थोड्याच काळात तो त्यांच्या देखरेखीखाली मरण पावला. पुढे आमटे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचे उपचार शिकून आले. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सुरुवातीला पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढंच भांडवल होतं. त्यातून आनंदवन उभं राहिलं. आनंदवनाची पहिली कुदळ पडली, तेव्हा तुळशीराम हयात नव्हता.