वाटेवरचा धोंडा

गुंजवण्याहून राजगडावर जाणारी वाट चोरदरवाज्याजवळ अशी उभी चढते, की शहरी माणसाचा ताठा तिथेच उतरतो. २०२५ च्या जुलैत गड जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि वाटेच्या तोंडाशी एखादे शिल्प असावे, अशी बोलणी निघाली. माझेही मत विचारले गेले. मी ऐटीत म्हणालो, "अश्वारूढ महाराज! दुसरे काय?"

मागून ताकवाल्या मावशी म्हणाल्या, "म्हाराज वर हायेतच की, गुरुजी. हंडा टेकवाया खांद्याएवढा धोंडा द्या. उतरवाया दुसरं माणूस लागतंय."

सारे हसले. मीही हसलो, पण ते हसू घरापर्यंत टिकले नाही.

पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे नानासाहेब करमरकर मला आठवले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्याच हातांनी घडवलेली साधी कोळीणही आहे. त्या हातांनी थोर-लहान असा भेद केला नाही. मी मात्र केला.

वाटेवर काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? वर्षातून एकदा चढणाऱ्याचा, की रोज ओझे वाहणारीचा? पुतळ्याला हार घालून आपण उतराई झाल्याचे समाधान मानतो. रयतेचे ओझे हलके करणाऱ्या राजाला ते पुरेल का?

आता मी धोंड्याच्या बाजूचा आहे. पाथरवटाने तो मन लावून घडवावा, देखणाही करावा. फक्त त्यावर नाव कोरू नये. देणगीदाराचे नको, आणि गुरुजींचे तर नकोच नको!