उद्या आपलं काही खरं नाही

मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कुणीतरी हे वाक्य टाकतोच: "उद्या आपलं काही खरं नाही." गंमत म्हणजे हे बोलणारा माणूस संघाच्या वाईटावर टपलेला नसतो. डब्यातला सगळ्यात कट्टर समर्थक तोच. टीम कोणती, कोणाचा गुडघा दुखतोय, खेळपट्टीवर गवत ठेवलंय की काढलंय, सगळं त्याला पाठ. आणि एवढा अभ्यास करून निष्कर्ष काय, तर हरणार.

उल्हासनगरची महापालिका वेगळी, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिका वेगळ्या, जिल्हा ठाणे. पण रणजीचा विषय निघाला की या तिन्ही गावांची माणसं सरळ "आपली मुंबई" म्हणतात. त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे असं मला वाटतं. अजिंक्य रहाणे लहानपणी डोंबिवलीहून लोकलने सरावाला जायचा. शार्दुल ठाकूर पालघरकडून किटबॅग सांभाळत यायचा. तुषार देशपांडे तर कल्याणचा, म्हणजे उल्हासनगरकराचा शेजारी. ज्यांना लोकलच्या गर्दीत मोठी बॅग घेऊन चढणं म्हणजे काय हे ठाऊक आहे, ते या मुलांचा हिशेब घरच्यासारखाच मांडणार. आणि घरच्या पोराच्या परीक्षेबद्दल आपण तरी काय बोलतो? "पास झाला तरी पुष्कळ."

हिशेब मात्र कसून होतो. अंबरनाथची काही मंडळी सीट मिळावी म्हणून आधी उलटी बदलापूरला जाऊन बसून येतात; त्यांच्याकडे वेळही असतो आणि टेकायला खिडकीही. टॉस जिंकला तर काय, हरलो तर काय, पहिल्या डावाची आघाडी मिळाली तर पुढे काय. उल्हासनगरला कोणी सिंधी दुकानदार चढतो आणि उभ्याउभ्याच दोन्ही बाजूंचा ताळेबंद काढून देतो. कल्याणनंतर हात हलवायलाही जागा उरत नाही, तरी बोलणं थांबत नाही. या सगळ्या हिशेबात एक जागा मात्र कायम रिकामी राहते. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाला कोणी धरत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बीकेसीच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध मुंबईचा रणजी उपांत्यपूर्व सामना होता. दुसऱ्या डावात मुंबई ९ बाद ३३७. आता डाव आटोपला असं कोणीही म्हणालं असतं. तिथून तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या जोडीने २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. शेवटच्या दोघांनी एकाच डावात शतकं ठोकायची, हे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच घडलं होतं: १९४६ साली ओव्हलवर, सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. कुठल्या डब्यातल्या कुठल्या पंडिताने हे आदल्या दिवशी सांगितलं असतं? आणि सांगितलं असतं, तर त्याला पुढच्या स्टेशनावर उतरवलं असतं.

मग मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामना. विदर्भासमोर ५३८ धावांचं लक्ष्य. एवढ्या धावांचा पाठलाग करून रणजीत कधीच कोणी जिंकलेलं नव्हतं. इथे तरी निर्धास्त असायला हवं होतं. पण पाचव्या दिवशी सकाळी विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे जेवणापर्यंत हललेच नाहीत, आणि कामाच्या दिवशी टेबलाखाली मोबाइल धरून बसलेल्यांचे चेहरे पडले. वाडकरने शतक केलं. शेवटी विदर्भ ३६८ वर आटोपला, मुंबई १६९ धावांनी जिंकली, आठ वर्षांनी बेचाळिसावा रणजी करंडक आला. तरीही "मी म्हणत होतो ना, जड जाणार" हे ऐकावं लागलंच. म्हणणाऱ्याचंही खरंच होतं म्हणा.

मला वाटतं, हरण्याचं भाकीत हा अंदाज नसतोच. ते दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावलेली तीट आहे. शिवाय त्यात थोडी व्यवहारबुद्धीही आहे: उद्याचं दुःख आजच थोडं थोडं भोगून ठेवायचं, म्हणजे उद्या एकदम अंगावर येणार नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला नेमकं हेच करायचं राहून गेलं. भारताने सलग दहा सामने जिंकल्यावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी शंका काढणाऱ्याला लोक गप्प बसवत होते. त्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या आणि कित्येक घरांत जेवणं तशीच राहिली. हरलो म्हणून जेवढं लागलं, त्याहून जास्त लागलं ते मनाची तयारी नव्हती म्हणून.

पण सगळ्यांत अवघड परिस्थिती मुंबई-विदर्भ सामन्यात बदलापूरला राहायला आलेल्या वैदर्भीयाची. फ्लॅट इथे, नोकरी मुंबईत, आई-वडील अमरावतीकडे. फेब्रुवारी २०२५ च्या उपांत्य सामन्याआधी डब्यात मुंबईची नावं मोजली जात होती: रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दुल. समोरचा तो बिचारा हसून म्हणतो, "नावं तुमचीच मोठी आहेत भाऊ." नागपूरला पार्थ रेखडे या फारशा ओळखीच्या नसलेल्या फिरकीपटूने रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे या तिघांना एकाच षटकात परत पाठवलं. विदर्भ ८० धावांनी जिंकला आणि पुढे करंडकही घेऊन गेला. त्या माणसाला पैजेचा वडापाव द्यावा लागला की मिळाला, हे त्यालाही नीट ठरवता आलं नसेल.

या भाकितांचं ऑडिट कधीच होत नाही, हे मला या डब्याचं मोठेपण वाटतं. कोण काय म्हणाला होता याची वही कोणी ठेवत नाही, जाब कोणी विचारत नाही. नागपूरच्या पराभवानंतर "उद्या काही खरं नाही" वाल्याने "बघा, बोललो होतो" म्हणण्याआधीच विषय पुढच्या मोसमात सलामीला कोण यावर गेला होता, आणि त्यावर कल्याणपर्यंत दोन गटही पडले होते.