निद्रिताची ठेव

महाभारतातील सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री पांचालांच्या शिबिरात शिरतो आणि निजलेल्यांचा संहार करतो. त्या युद्धात अधर्म काही थोडा झाला नव्हता. शस्त्र खाली ठेवलेले द्रोण मारले गेले, रथाचे चाक उपसणारा कर्ण मारला गेला. तथापि निजलेल्यांच्या हत्येला जो कलंक लागला, तसा अन्य कोणत्याही कृत्यास लागला नाही. स्वपक्षाचे कृपाचार्यदेखील अश्वत्थाम्यास आधी अडवितात ते याच कारणास्तव. जागा असलेला शत्रू प्रतिकार करू शकतो, पळू शकतो, निदान शाप तरी देऊ शकतो. निजलेल्याने स्वतःला जगाकडे ठेव म्हणून दिलेले असते, आणि ठेवीवर हात टाकणे हे चोरीहूनही हीन, असे आपण मानत आलो आहोत.

मग शस्त्रक्रियेकरिता जो जाणूनबुजून निद्रिस्त होतो, त्याच्या देहावर त्या अवस्थेत ज्ञानार्जन करावे काय? आणि करावयाचे तर कोणत्या अटींवर? प्रश्न जुना आहे, परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेने त्यास जी धार आली आहे ती पूर्वी नव्हती.

१९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून या निद्रेचे स्वरूपच पालटले. रुग्णाचे रक्त गोठू नये म्हणून त्यास औषध देतात, ते नळ्यांवाटे बाहेर काढून यंत्रात प्राणवायूने भरतात आणि पुन्हा देहात सोडतात. देह बहुधा काहीसा थंड करतात. पोटॅशियमयुक्त द्रव सोडून हृदय थांबवितात. त्या अवधीत श्वास नाही, नाडीचा ठोका नाही; केवळ यंत्राची आणि उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाची राखण आहे. नंतर अतिदक्षता विभागात काही तास वा काही दिवस कृत्रिम श्वास, रक्तदाब सांभाळणारी औषधे, आणि पुष्कळदा, विशेषतः वृद्धांत, शुद्ध येताना होणारा भ्रम. याहून अधिक परस्वाधीन अवस्था जिवंत माणसाच्या वाट्यास क्वचितच येत असेल.

त्यातही एक गोष्ट सामान्य माणसास ठाऊक नसते. भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषधही देतात. भूल उथळ राहिली आणि रुग्णास जाग आली तरी तो बोट हलवू शकत नाही, ओरडू शकत नाही. दुबळ्या हृदयास भुलीचा भार सोसणार नाही या भयाने हृदयशस्त्रक्रियेत भूल हलकी ठेवण्याकडे एके काळी कल असे. त्यामुळे अशी अर्धवट जाग या शस्त्रक्रियांत इतरांहून अधिक आढळत असे. यावर एक उपाय योजला जातो तो स्मृती पुसणाऱ्या औषधांचा. वेदना झालीच असेल तर ती आठवणार नाही.

येथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी थबकेल. जे आठवत नाही ते झालेच नाही काय? आपले वेदान्ती यावर फार पूर्वी विचार करून गेले आहेत. गाढ निद्रेतून उठलेला मनुष्य म्हणतो, मी सुखाने निजलो होतो, मला काही कळले नाही. काही कळले नाही हे तरी कोणास कळले, असे ते विचारतात आणि त्यावरून सुषुप्तीतही जागणाऱ्या साक्षीचे अनुमान करतात. ते अनुमान मान्य असो वा नसो, आमचे म्हणणे अधिक साधे आहे. आम्ही सरकारी कचेरीत फायली हाताळणारी माणसे. नोंद नाही म्हणून घटनाच नाही, ही आमच्या व्यवसायातील अंधश्रद्धा आम्हांस चांगली परिचित आहे. ज्या क्षणी वेदना झाली त्या क्षणी ती कोणास तरी झाली. पुढे तिची स्मृती पुसली गेल्याने अपराध पुसला जात नाही, केवळ फिर्यादी नाहीसा होतो.

तर मग प्रयोग नकोतच, असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. हैदराबादची हकिकत पाहावी. निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, एडवर्ड लॉरी नावाचे शल्यविशारद होते. क्लोरोफॉर्मने मनुष्य दगावतो तो श्वास थांबून, हृदयास त्याचा धक्का पोहोचत नाही, अशी त्यांची धारणा होती. १८८८ साली निजामाच्या आश्रयाने एक आयोग बसला; त्याच्या निष्कर्षांवर विलायतेत शंका निघाल्या तेव्हा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने प्रतिनिधी पाठवावा म्हणून निजामाने एक हजार पौंड दिले, आणि १८८९ च्या दुसऱ्या आयोगात लॉडर ब्रंटन स्वतः आले. तेथील कामात रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या बाईंचाही वाटा होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि लॉरींच्याच मतावर शिक्कामोर्तब झाले: श्वासाकडे लक्ष द्या, नाडीची चिंता नको. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रिनलिन रक्तात गेले तर हृदय कंप पावून एकाएकी थांबू शकते. लॉरी क्रूर नव्हते, लबाडही नव्हते. त्यांस खात्री होती, इतकेच. त्या खात्रीच्या बावीस वर्षांत ज्यांची नाडी कोणी पाहिली नाही, त्यांचे रक्षण अज्ञानाच्या हाती होते. आणि ते अज्ञान पुढे हटले तेही प्रयोगानेच. म्हणून प्रयोग थांबविणे म्हणजे निद्रिताचे रक्षण, हे समीकरण आम्हांस पटत नाही.

परंतु प्रयोग म्हणजे आपोआप ज्ञान, हेही तितकेच खोटे. हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲप्रोटिनिन नावाचे औषध वापरीत. १९८७ ते २००२ या काळात त्याच्या चौसष्ट चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांचा एकत्र हिशेब २००५ साली मांडला गेला तेव्हा दिसले की, रक्तस्राव कमी होतो हे बाराव्या चाचणीपर्यंत, म्हणजे १९९२ मध्येच, सिद्ध झाले होते. उरलेल्या बावन्न चाचण्यांतील काही रुग्णांच्या वाट्यास, उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नासाठी, निष्क्रिय द्रव आला. याहून गंभीर बाब पुढेच आहे. रक्त किती गेले हे सर्वांनी मोजले. माणूस जगला की नाही याचा निवाडा होईल एवढी मोठी तुलना कोणी केली नव्हती. ती कॅनडात झाली आणि २००७ साली मध्येच थांबवावी लागली: तीस दिवसांतील मृत्यू ॲप्रोटिनिन घेतलेल्यांत शेकडा सहा, दुसऱ्या दोन स्वस्त औषधांत शेकडा चारच्या आसपास. औषधाची विक्री स्थगित झाली. पुढे कॅनडाने व युरोपने त्या निष्कर्षावर आक्षेप घेऊन मर्यादित वापरास पुन्हा मुभा दिली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण पंधरा वर्षे सोयीचा प्रश्न विचारीत राहणे हे निद्रितांच्या ठेवीचा अपव्यय करणे आहे, यात आम्हांस संशय वाटत नाही.

जर्मनीतील योआखिम बोल्ट यांचे प्रकरण निराळे. ते भूलशास्त्रातील नामांकित संशोधक. पिष्टापासून बनविलेला द्रव शिरेवाटे देणे हितकारक, असे सांगणारे त्यांचे पुष्कळ लेख हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांविषयी होते. २००९ च्या एका लेखातील आकडे वाचकांस नको तितके नीटस वाटले. चौकशीत तो अभ्यास झालाच नव्हता असे निघाले, आणि नीतिसमितीच्या मान्यतेअभावी २०११ मध्ये त्यांचे ऐंशीहून अधिक लेख मागे घेण्यात आले. २०१३ साली त्यांचे अभ्यास वगळून पुन्हा हिशेब केला तेव्हा त्या द्रवाने अत्यवस्थ रुग्णांत मृत्यू वाढतात असे दिसले. मघा आम्ही नोंद नसलेल्या घटनेविषयी बोललो. येथे घटना नसलेली नोंद होती. तिच्या भरवशावर कोणत्या देशातील कोणत्या रुग्णाच्या शिरेत काय सोडले गेले, हे आता कोण सांगणार?

आमच्या दिल्लीत अन्सारीनगरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. संसदेच्या कायद्याने १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था. देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण १९९४ च्या ऑगस्टमध्ये येथेच झाले. तिच्या भिंतीबाहेर पदपथावर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे थंडीतही रात्र काढताना दिसतात. शेजारीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे. संमती समजेल अशा भाषेत घ्यावी, हे तिने मार्गदर्शक तत्त्वांत घालून दिलेले आहे. २०१९ च्या नियमांनी, अगदी नव्या औषधद्रव्याची चाचणी दुर्बल स्थितीतील माणसावर असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचे केले. हे सारे चांगले आहे. सहीचे मोल आम्ही जाणतो. परंतु तिची मर्यादाही जाणतो. उद्या ज्याची छाती उघडणार आहे तो समोर ठेवलेल्या कोणत्या कागदावर सही करणार नाही? आणि अतिदक्षता विभागात सही करतो तो रुग्ण नव्हेच, बाहेर बसलेला भाऊ किंवा मुलगा.

म्हणून आमच्या मते निद्रिताचा खरा हक्क निजण्यापूर्वीच्या सहीत पुरता सामावत नाही. तो जागे झाल्यानंतर मिळणाऱ्या हिशेबात आहे. ठेव परत करताना ठेवीदारास तिचे काय केले ते सांगावे लागते. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या अलीकडील आवृत्त्यांत, अभ्यासाचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी सहभागी व्यक्तीस द्यावी, असे म्हटले आहे. आपल्याकडे चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे, आणि औषधचाचण्यांस २००९ पासून तीत नोंद सक्तीची आहे. ती ज्या संस्थेत ठेवली जाते तीही अन्सारीनगरातच, त्या पदपथापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नोंदवही मुख्यतः इंग्रजीत आहे. दरभंग्याहून आलेल्या माणसास, तुझ्या हृदयावर जे पडताळून पाहिले त्याचे उत्तर असे निघाले, हे त्याच्या भाषेत एका पोस्टकार्डावर कळविण्यास किती खर्च येईल, एवढे कोणीतरी टिपणीत मांडून वर पाठवावे.