दोन छाटण्या

निफाडच्या आसपासच्या द्राक्षबागा आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाच्या आहेत. फळ उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडीछाटणी. पहिल्या छाटणीने लागलीच फळ मिळत नाही. तिने काडी तयार होते. घड येतात ते दुसऱ्या छाटणीनंतर. कात्री तीच, परंतु हेतू निराळा.

आत्मसंयमाचेही असेच आहे. तरुणपणी मनुष्याने व्यसन, उधळेपणा व देहाच्या वासना आवराव्या. त्या वेळी ते निष्फळ कष्ट वाटतात, पण पुढील आयुष्याची काडी तेथेच पक्व होते. मग वय झालेल्यांस कात्री नको काय? देह थकला, भूक मंदावली, म्हणजे आपण संयमी झालो, असे कित्येकांस वाटते. हा भ्रम आहे. म्हाताऱ्याचा मोह बहुधा जिभेत, जुन्या रागात आणि घराच्या किल्ल्यांत लपून बसतो. आम्ही स्वतः चाळिशी ओलांडली आहे; मंडळीच्या सभेत तरुण बंधूचे बोलणे संपण्याआधीच आमचे उत्तर ओठांवर येते, हे आम्ही लाजेने कबूल करतो.

तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल वृद्धांस व तरुणांस, पुरुषांस व स्त्रियांस वेगवेगळा बोध करतो. वृद्ध स्त्रियांस तर चहाडीपासून दूर राहावयास सांगतो. आणि हे बळ कोठून यावे? भीतीने नव्हे, देवाची कृपाच आपल्याला तसे वागावयास शिकवते, असे तो म्हणतो. रोगाचे भय दुखणे बरे होईपर्यंत टिकते, लोकलज्जा दार बंद होईपर्यंत. ज्याला प्रीतीने एखादे काम सोपविलेले असते, तोच टिकतो.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण घ्या. 1919 साली रेव्हरंड टिळक निवर्तले तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांचे शिक्षणही अल्प होते. तरी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, प्रसिद्ध झाला. वय झाले म्हणून हातातले काम त्यांनी खाली ठेवले नाही.

कोणी म्हणेल, वडीलधाऱ्यांनी मग मुके बसावे काय? नव्हे. सल्ला द्यावा, पण तो ऐकलाच पाहिजे हा हट्ट छाटावा. तरुण उपदेशकाने आज वासना छाटावी, आणि पंच झालेल्या वडिलांनी आपला अधिकार. इंद्रियदमन हेही आत्म्याच्या फळांत गणलेले आहे; आणि बागवान आपला पिता आहे, हे दोघांनीही विसरू नये.