दान की देणे?

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या धुक्यातून बागांकडे निघालेली माणसे दिसू लागतात. सुरगाणा, पेठ, कळवण या डोंगराळ तालुक्यांतून कामासाठी उतरलेली ही कुटुंबे बागेच्या कडेला पाल ठोकून हंगाम काढतात. त्यांच्या मुलांपैकी काही जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जातात, काही धाकट्या भावंडांना सांभाळीत पालापाशीच राहतात. त्याच वेळी गावातील खात्यापित्या घरांची मुले बसमध्ये बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे निघालेली असतात. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची मुलेही बहुधा त्याच बसमध्ये असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीवरील शाळेला बाक नाहीत असे कळले. ओळखीच्या काही मंडळींनी हौसेने निधी जमवला आणि बाक दिले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव रंगवावे, म्हणजे इतरांनाही देण्याची प्रेरणा होईल, ही सूचना माझी होती. महिनाभराने मी त्या शाळेत गेलो, तेव्हा तिसरीतला एक मुलगा भिंतीशी जमिनीवर बसलेला दिसला. शेजारचा बाक रिकामा होता. गुरुजींनी कारण विचारले, तर तो हळूच म्हणाला, "तो मालकांचा आहे." बाकावर ज्यांचे नाव होते, त्यांच्याच बागेत त्याचे आईबाप कामाला होते.

देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, माझ्याही नव्हते. तरीही त्या मुलाला बसायला जागा मिळावी म्हणून केलेल्या दानाने त्याला जमिनीवरच ठेवले. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. सार्वजनिक शाळेला आपण जे देतो ते दान असते की देणे?

शाळेसाठी घरोघरी हात पसरण्याची महाराष्ट्राची परंपरा थोर आहे. नाशिकमध्ये 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्याला आरंभ झाला, तो खेड्यातील मुलांना शहरात राहून शिकता यावे या तळमळीतून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या मुष्टिफंडासाठी घरची बाई दळण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या मुठीवर कोणाचे नाव नव्हते. शिवाय देणारीचे मूल आणि शिकणारे मूल एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरचे असे. त्या मुठीमागे उपकाराची भावना नव्हती, आपलेपणा होता.

आज परिस्थिती पालटली आहे. त्या काळी शाळाच नव्हती, म्हणून लोकांनी ती उभारली. आता सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे आणि त्यासाठीचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सरकारी शाळा ही सरकारची कृपा नव्हे, तशी देणगीदाराचीही नव्हे. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग शिक्षणावरचा खर्च वरच्या थरापुरताच का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बागेत राबणारी ती माऊलीसुद्धा साबणाची वडी घेताना कर भरते. शाळेच्या भिंतीत तिचाही वाटा आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने दत्तक शाळा योजना जाहीर केली. ग्रामीण भागातील शाळेला पाच वर्षांत पन्नास लाख किंवा दहा वर्षांत एक कोटी रुपये मूल्याच्या वस्तू व सेवा देणाऱ्यास, त्या मुदतीपुरते आपल्या पसंतीचे नाव शाळेला देण्याची मुभा तिच्यात होती. वस्तुतः शाळेला नाव असण्यात गैर काही नाही. पिंपळगावच्या महाविद्यालयाला कर्मवीर काकासाहेब वाघांचे नाव आहे आणि ते कोणाला खुपत नाही, कारण कृतज्ञतेने दिलेले नाव वेगळे आणि मोल मोजून मुदतीवर घेतलेले नाव वेगळे. साताऱ्याच्या शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्याला भाऊरावांनी साफ नकार दिला, ही आठवण रयतेत आजही सांगितली जाते. पैशांची निकड त्यांना आपल्याहून कितीतरी अधिक होती.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना आहे. न्यायाने जे आधीच दुसऱ्याचे आहे, ते प्रीतीचे दान म्हणून त्याच्यापुढे करू नये, असा तिचा आशय आहे. ती वाचताना मला तो रिकामा बाक आठवतो.

मग आपण देऊच नये काय? तसे म्हणणे म्हणजे आपल्या कंजूषपणाला तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढवणे होईल. शासनाचे कर्तव्य शासनाने करावे हे खरे, पण कागद कचेरीतून हलेपर्यंत तिसरीतले मूल तिसरीत थांबत नाही. त्याचे ते वर्ष पुन्हा येत नाही. म्हणून द्यावे, अवश्य द्यावे. मात्र देताना मागणेही सोडू नये. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर चार महिने कोणी शिकवायला येईल अशी व्यवस्था स्थानिक निधीने करावी, पण त्याच चार महिन्यांत पालकांसोबत पंचायत समितीची पायरीही झिजवावी. नाहीतर आपल्या औदार्याच्या आडोशाला शासनाची जबाबदारी निवांत झोपी जाईल.

दुसरे असे की, काय हवे ते शाळेच्या माणसांना विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. आम्ही बाक दिले तेव्हा त्या समितीला विचारले नव्हते. नंतर विचारले, तेव्हा एक आई म्हणाली, "बाकाचं काय, पोरं खालीही बसतील. आम्ही हंगामाला निघालो की मागं पोरांना ठेवायला जागा पाहिजे, म्हणजे गावची शाळा सुटायची नाही." आमच्या यादीत ते कुठेच नव्हते.

शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत नेले, पदरचे पैसे दिले, अधिक लागल्यास परत येताना देईन असे सांगितले आणि तो निघून गेला. त्याचे नाव काय होते हे कोणालाही ठाऊक नाही. तो परत येणार होता, एवढे मात्र ठाऊक आहे. एकदाच देऊन छायाचित्र काढून घेण्यापेक्षा हे परत येणे कठीण असते.

त्या बाकांवरची नावे आम्ही पुढे खरवडून काढली. ज्यांच्या नावाच्या बाकावर तो मुलगा बसला नव्हता, ते गृहस्थ स्वतः पॉलिशचा कागद घेऊन आले आणि दुपारभर घासत बसले. लाकडावर अजून पुसट खुणा आहेत. शाळेत मोठ्याने वाचली जावीत अशी नावे एकाच ठिकाणी असतात, आणि ते ठिकाण म्हणजे हजेरीपट. त्यातले एकही नाव हंगामात गळू नये, एवढे देणे आपण सर्वांवर आहे.