स्मरण आणि मोह

गेल्या श्रावणात जुनी पेटी आवरीत असता आमच्या हाती एक अल्बम लागला. सिल्वासाच्या पावसाळी दमटपणाने त्याची पाने एकमेकांस चिकटली होती व कडांवर बुरशीचे ठिपके पडले होते. मधल्या एका पानावर मुंबईजवळच्या गोराई येथील एस्सेलवर्ल्डमध्ये काढलेली सात छायाचित्रे होती. एकात पाळण्याच्या रांगेत उभी असलेली आम्ही भावंडे, दुसऱ्यात एकमेकींवर आदळणाऱ्या मोटारीत भीतीने डोळे मिटून बसलेली धाकटी बहीण, तिसऱ्यात डब्यातील पुरी-भाजी वाढणारी आई. अशा जुन्या रंगीत चित्रांतील निळसर छटा आधी विरते व तांबूस तेवढी उरते. त्यामुळे सर्वांचे चेहरे सायंकाळच्या उन्हात न्हाल्यासारखे दिसत होते. ती चित्रे पाहता पाहता वेळ कसा गेला, हे आम्हांस कळले नाही.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी अशी चित्रे असतील. ते क्रीडास्थान १९८९ साली सुरू झाले. कारखान्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या संसारांना अशी एखादी सहल म्हणजे मोठाच सोहळा असे. सिल्वासास रेल्वे नाही. म्हणून पहाटेच्या अंधारात वापी गाठावयाची, फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यात वरच्या मजल्यावर जागा धरावयाची, बोरिवलीस उतरावयाचे आणि होडीने गोराईची खाडी ओलांडावयाची. कॅमेऱ्यात ३६ चित्रांचा एकच रोल. तो पुरवून पुरवून वापरावा लागे, आणि धुऊन येईपर्यंत घरातील सर्वांचा जीव टांगणीस लागलेला असे. ते क्रीडास्थान २०२२ मध्ये बंद पडले. गाडीचे दुमजली डबेही २०२३ मध्ये गेले. आता उरली आहेत ती केवळ चित्रे.

गेलेल्या दिवसांविषयीची ही हुरहूर चांगली की वाईट? कोणी म्हणतील, हा निव्वळ मोह होय. गतगोष्टींत रमणारा माणूस वर्तमानास मुकतो. दुसरे म्हणतील, ज्यास मागचे आठवत नाही तो कृतघ्न होय. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच थोडा विचार करणे अवश्य आहे.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भेद केले. स्मृती ही केवळ पूर्वसंस्कारातून उपजते, म्हणून यथार्थ अनुभवाचा मान त्यांनी तिला दिला नाही. हा सावधपणा किती योग्य आहे, हे अल्बम उघडला म्हणजे पटते. त्या दिवशी धाकट्या भावाची चप्पल हरवली होती, आम्ही दोघे भावंडे भांडलो होतो, दुपारच्या उन्हात रांगेत पाय भरून आले होते. यातील काहीच चित्रात नाही. ‘हसा’ म्हटल्यावर आम्ही हसलो, तेवढा क्षण कागदावर उरला. तेव्हा ज्या भूतकाळासाठी आपण झुरतो, तो जसा होता तसा नसतो. वेचलेल्या क्षणांचा आपणच तो रचलेला असतो.

परंतु एवढ्यावरून स्मृती त्याज्य ठरत नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात संमोहापासून स्मृतीचा भ्रंश होतो असे सांगितले आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन म्हणतो की, आपला मोह गेला व स्मृती परत आली. म्हणजे गीतेच्या मते मोह आणि स्मृती या परस्परविरोधी आहेत! अर्जुनाला परत मिळालेली स्मृती म्हणजे आपण कोण व आपले कर्तव्य काय, याचे भान. यावरून आम्हांस एक कसोटी सुचते: जी आठवण कर्तव्यास जागे करते ते स्मरण, आणि जी कर्तव्यास झोपविते तो मोह.

या कसोटीस आम्ही त्याच दिवशी उतरलो नाही, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आम्ही चित्रांत गढून गेलो असता आतल्या खोलीतून आईने पाणी मागितले. ‘आलोच’ म्हणून आम्ही पान उलटले. तिने पुन्हा हाक मारली; आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तिसरी हाक आलीच नाही. काही वेळाने उठून पाहतो तो, आई भिंतीचा आधार घेत माठाकडे निघालेली. ती आता ऐंशीच्या घरात आहे; दृष्टी मंदावली आहे. पुरी-भाजी वाढणाऱ्या आईस पाहून ज्यांचे डोळे पाणावले होते, त्यांनी त्याच आईला तहानलेली ठेवले होते. ‘ही तीच’ असे समोरच्या व्यक्तीस पूर्वसंस्काराच्या साहाय्याने ओळखणे, यास शास्त्रकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. आमच्यापाशी स्मृती भरपूर होती, प्रत्यभिज्ञा नव्हती.

सायंकाळी आम्ही अल्बम घेऊन आईजवळ बसलो. तिला चित्रे नीट दिसेनात, म्हणून एकेकाचे वर्णन केले. तेव्हा लक्षात आले की, सातांपैकी एकाही चित्रात वडील नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हाती होता. एका चित्रात तेवढी त्यांची सावली आमच्या पायांशी पडली आहे. आई म्हणाली, “त्या सहलीसाठी त्यांनी दोन महिने रात्रपाळ्या केल्या होत्या. तुम्हां मुलांना सांगू नकोस म्हणाले.” इतकी वर्षे आम्ही ती चित्रे पाहत होतो, त्यांतील मुख्य गोष्ट त्या दिवशी प्रथम कळली. आपल्या पूर्वजांपाशी छायाचित्रे नव्हती, तरी श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे घेतली जात. कारण स्मरण म्हणजे रूप न्याहाळणे नव्हे. ऋण मान्य करणे होय.

मग चित्रे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. आपण गणरायाची मूर्ती प्रेमाने आणतो, पूजितो आणि वेळ येताच तिचे विसर्जन करतो. रूपावर प्रेम करावे, पण त्यात अडकू नये, हा धडा आपल्याला दर वर्षी मिळतो. चित्रांनाही तोच न्याय लावावा.

सभासद कुटुंबांस आमची एक लहानशी विनंती आहे. येत्या पितृपक्षापूर्वी घरातील जुनी छायाचित्रे बाहेर काढावीत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, चित्रातील माणसांची नावे, स्थळ व वर्ष लिहावे. चित्र कोणी काढले, तेही लिहिण्यास विसरू नये. हे काम एकट्याने मात्र करू नये; घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, त्यांना विचारीत विचारीत करावे. आणि त्यांनी मध्येच पाणी मागितले, तर चित्र खाली ठेवून आधी उठावे.